कुलपांचे चिंचोके

"आणि बेरीज?" मोतीगीर बाबांनी विचारलं.

"तीनशे साठ," अंकुश म्हणाला. "अर्ध्या अंशाचाही फरक नाही."

"पुन्हा कर."

"तीनदा केली, बाबा."

"मग चौथ्यांदा माझ्यासाठी कर. मला कुठं दिसतंय?"

अंकुशनं दाराकडं पाहिलं. बाहेर मठाच्या अंगणात सगळं गाव खोळंबलं होतं. कुणीतरी कुदळीचा दांडा फरशीवर आपटत होतं. ठक… ठक… जरा थांबून पुन्हा ठक. घमेल्यात कालवून ठेवलेला चुना घट्ट होत चालला होता.

पण गुरूनं सांगितलं म्हणजे सांगितलं. जमिनीवर राखेनं काढलेल्या वर्तुळापाशी तो गुडघे टेकून वाकला. वाकताना त्याच्या कमरेशी काहीतरी किणकिणलं. त्यानं ते हातानं दाबून धरलं.

"वरची आळी, दीडशे अंश. मधली आळी, एकशे वीस. खालची आळी, पंचाहत्तर. माळवस्ती, पंधरा." त्यानं मान वर केली. "तीनशे साठ."

"वर्तुळ भरलं?"

"काठोकाठ."

"हं…" बाबा म्हणाले.

अंकुशला त्या 'हं'ची भीती वाटली.

पिंपळकुंडात पाण्याची वाटणी तोंडानं होत नसे, कुंडीवर होत असे. तळ्याचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून मठाच्या अंगणात येई, गोल कुंडीच्या मधोमध उसळे आणि कुंडीच्या सपाट काठावरून चहूकडं सारखंच सांडे. काठावर चार दगड चुन्यात उभे केलेले असत. दगडांमधल्या चार फटी, त्यांच्याखाली चार चर, आणि चार आळ्यांना चार चरांचं पाणी. ज्याची फट रुंद त्याला पाणी जास्त. एकदा चुना वाळला, की वर्षभर त्या दगडांना कुणी हात लावायचा नाही, अशी गावाची आण होती.

कोणाची फट किती रुंद, हे खाणाऱ्या तोंडांवर ठरे. मठातला माणूस चार झोळ्या घेऊन दारोदार फिरे. घरात जितकी तोंडं, तितके चिंचोके घरातलं कुणीतरी झोळीत टाकी. स्वतःच्या हातानं टाकी. नुसतं तोंडी सांगून भागत नसे.

इतकी वर्षं हे काम बाबांनी केलं. ते सूत दुमडत, गाठी मारत, कुंडीच्या काठावरून फिरवत आणि दगडांच्या जागा दाखवत. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदे आले होते. म्हणून यंदा झोळ्या अंकुशच्या खांद्यावर आल्या.

अंकुश तालुक्याच्या शाळेत शिकलेला. त्याला सूत दुमडायची गरज नव्हती. आळीची तोंडं भागिले गावची तोंडं, गुणिले तीनशे साठ. उत्तर येईल तेवढ्या अंशांचा कोन कुंडीच्या मध्यापाशी धरायचा, दोरी काठापर्यंत ताणायची, खूण करायची. कोनमापक खोटं बोलत नाही. चूक व्हायला जागाच नव्हती.

आज दगड बसले, की बाबा सूत त्याच्या हाती देणार होते. सूत हाती येणं म्हणजे मठ हाती येणं, आणि गावानं आपला शब्द झेलणं.

अंकुशला ते हवं होतं. फार दिवसांपासून हवं होतं.

"ढीग कुठं आहेत?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या पुढ्यातच."

परातीत चिंचोक्यांचे चार ढीग होते. बाबांनी हात फिरवून एकेक ढीग चाचपला. वरच्या आळीचे दोनशे. मधल्या आळीचे एकशे साठ. खालच्या आळीचे शंभर. माळवस्तीचे वीस. सगळे मिळून चारशे ऐंशी.

बाबांनी मधल्या आळीचा ढीग ओंजळी भरभरून उचलला आणि मागं, आपल्या घोंगडीवर टाकला.

"आता मांड."

"बाबा?"

"मधली आळी गावात नाही असं धर. मांड."

अंकुशला हसू आलं. परीक्षा घ्यायची तर जरा अवघड तरी घ्यावी. त्यानं कागदही घेतला नाही.

"तीनशे वीस तोंडं. वरच्या आळीला दोनशे पंचवीस अंश. खालच्या आळीला एकशे साडेबारा. वस्तीला साडेबावीस."

"बेरीज?"

"तीनशे साठ."

बाबांनी वरच्या आळीचा ढीग उचलून मागं टाकला.

"आता?"

"एकशे वीस तोंडं. खालच्या आळीला तीनशे अंश, वस्तीला साठ. तीनशे साठ."

खालच्या आळीचा ढीगही गेला. परातीत वस्तीचे वीस चिंचोके तेवढे उरले.

"आता?"

"सगळंच वस्तीला. तीनशे साठ."

"हिशेब चुकला का कुठं?"

"नाही."

"वर्तुळात भोक पडलं?"

"नाही, बाबा. पण…"

"पण?"

बाहेर दांडा वाजत होता.

बाबांनी हात पुढं केला. वीसातले एकोणीस चिंचोके मुठीत घेतले. एकच ठेवला.

"आणि आता?"

"…तीनशे साठ."

"म्हणजे चारशे साठ तोंडं मी घोंगडीवर फेकली, वस्तीतली एकोणीस मुठीत दाबली, तरी तुझं वर्तुळ काठोकाठ भरलेलं."

"ते तसंच असतं, बाबा. आहेत तेवढ्यांतच वाटायचं तर…"

"तसंच असतं ना?"

"हो."

"मग बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं मघाशी कशावरून धरलंस?"

अंकुशच्या कपाळावर घाम आला. कपाळाला हात लावला तर राख लागली.

"वस्तीची वीस तोंडं," बाबा सावकाश म्हणाले. "माळवस्तीत घरं किती रे?"

"तीसेक असतील."

"तीस घरांत वीस माणसं? कुणाच्या वाट्याला पाऊण, कुणाच्या वाट्याला अर्धं?"

"बाबा, पौष चालू आहे. वस्ती ऊसतोडीला गेलीय. मागं म्हातारी माणसं तेवढी आहेत. बाकी दारांना कुलपं."

"कुलपं… बरं. आणि मी वाटणी कधी मांडायचो?"

"गुढीपाडव्यानंतर."

"का?"

अंकुशनं मान खाली घातली. का, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पाडव्याला टोळ्या परत यायच्या, कुलपं उघडायची. पण यंदा तळं आधीच खाली गेलं. वरच्या आळीचे गणपतराव इथापे मठात येऊन म्हणाले होते, "पाडव्यापर्यंत कुणाचा दम निघतोय? पौषातच मांडा." आणि जाता जाता अंकुशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "तूच मांड लेका. शिकलेला आहेस. सूत तुझंच आता."

ती थाप अंकुशला अजून पाठीवर जाणवत होती.

"मी नियम मोडला नाही, बाबा," तो म्हणाला. आवाज जरा चढला. "चिंचोका घरातल्या हातानं पडायला पाहिजे. कुलपाला हात नसतो. मी काय करणार?"

"खरं आहे. कुलपाला हात नसतो." बाबांनी मान डोलावली. "तुला आहे का?"

"म्हणजे?"

"तुझ्या कमरेला काय वाजतंय मघापासून?"

अंकुशचा हात आपोआप करदोड्याकडं गेला, आणि तिथंच थांबला.

"किल्ली आहे," तो म्हणाला.

"कसली?"

"…घराची."

"कुणाच्या?"

बाबांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. माळवस्तीत, बाभळीच्या कडेचं शेवटचं घर. दिवाळी झाल्यावर आई थोरल्या भावासोबत आणि वहिनीसोबत कारखान्याच्या ट्रकमध्ये बसली होती. ट्रक हलताना तिनं वरून किल्ली टाकली. "तुझ्यापाशी ठेव. मठात हरवायची नाही."

झोळ्या घेऊन फिरताना तो त्या दारासमोर उभा राहिला होता. बराच वेळ राहिला होता. वस्तीची झोळी खांद्यावर. कमरेला किल्ली. कुलूप उघडायचं, आत जायचं, आपल्या हातानं तीन चिंचोके टाकायचे. कुणी अडवलं असतं?

पण मग लोक म्हणाले असते, बघा, पोरानं आधी आपलं घर भरलं. वस्तीचा तो वस्तीचाच.

तो तसाच वळला होता.

"तुझं घर कुठल्या कोनात बसवलंस, अंकुश?" बाबांनी विचारलं.

अंकुशनं राखेच्या वर्तुळाकडं पाहिलं.

दार धाडकन उघडलं. गणपतराव इथापे उंबऱ्यात उभे राहिले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात तीच कुदळ.

"बाबा, घमेल्यातल्या चुन्याचा दगड व्हायला लागला. हा हिशेब करतोय का पोथी लिहितोय? दिवेलागणीच्या आत दगड बसले नाहीत तर रिवाज मोडतो. मग पाणी उताराला, सगळं खालच्या आळीत. चालेल?"

"अंकुशला विचारा," बाबा म्हणाले. "आज तोंड त्याचं."

"काय रे अंकुशा? झालं का?"

अंकुशनं बाबांकडं पाहिलं. बाबांचे पांढरट डोळे भिंतीकडं होते. तिथून काही मिळणार नव्हतं.

"येतो," तो म्हणाला.

घोंगडीवरचे आणि बाबांच्या मुठीतले चिंचोके घेऊन त्यानं चारी ढीग झोळ्यांत भरले. वस्तीचा ढीग भरायला क्षणसुद्धा लागला नाही.

अंगणात उन्हं कलली होती. कुंडीभोवती माणसांचं कडं होतं. वरच्या आळीची माणसं वरच्या बाजूला, खालच्या आळीची खालच्या. वस्तीतून कुणी आलंच नव्हतं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना मठाचा चढ झेपत नसे.

कुंडीत पाणी उसळत होतं, आणि काठावर दगड नसल्यामुळं चहूकडं सारखं सांडत होतं.

"या एकदाचे!" खालच्या आळीची अनसूयाबाई म्हणाली. "मला वाटलं, आत लग्न लागतंय का काय. माझी गुरं हंबरून मरायला आलीत."

चार जण हसले. अंकुश हसला नाही.

"दगड आत्ता बसणार नाहीत," तो म्हणाला. "आधी कुलपांचे चिंचोके पडायचेत."

हसणं थांबलं.

"कशाचे?" गणपतरावांनी विचारलं.

"माळवस्तीत बंद घरं आहेत, त्यांचे. ती माणसं मी धरली नाहीत. हिशेब चुकला."

"मघाशी आतून ओरडत होतास, तीनशे साठ, तीनशे साठ. ऐकलंय आम्ही."

"बेरीज बरोबर होती. हिशेब चुकला."

गणपतराव हळूच पुढं आले. वरच्या आळीचा दगड कुंडीशेजारी आडवा पडला होता. त्यांनी त्याच्यावर पाय ठेवला.

"कुलपाला पाणी पाजणार होय? मग मी माझ्या रिकाम्या गोठ्याला कुलूप लावतो. त्यालाही एक चर काढ."

"गोठ्यात कोण आहे?"

"कुणी नाही."

"त्या घरांत आहेत."

"कुठं आहेत? दाखव."

"पाडव्याला येतील."

"मग पाडव्याला बघू."

"पाडव्याला चुना वाळलेला असेल, गणपतराव."

गणपतरावांनी घमेल्याकडं पाहिलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वस्तीचाच ना शेवटी. रक्त बोलतंय!"

तेच ते. ज्या वाक्याला भिऊन तो त्या दारातून वळला होता, ते वाक्य अखेर आलं. अंकुशला वाटलं होतं, ते आलं की जमीन दुभंगेल. जमीन होती तिथंच होती.

"हो," तो म्हणाला. "मी वस्तीचाच. म्हणून माझा हात नको."

त्यानं वस्तीची झोळी उघडून कुंडीच्या काठावर ठेवली. शेजारी सुट्ट्या चिंचोक्यांचं सूप ठेवलं.

"मी एकेका कुलपामागची नावं घेतो. मी खोटं नाव घेतलं, तर जागच्या जागी म्हणा, असा माणूस नाही. आणि असला, तर चिंचोका तुम्ही टाका. तुमच्या हातानं."

"आणि आम्ही टाकला, की आमचीच फट बारीक होणार?" अनसूयाबाईनं विचारलं.

"होणार, काकू."

"किती?"

"मोजल्याशिवाय सांगता येत नाही. पण होणार."

"आमचं पाणी कमी होणार, हे तोंडावर सांगतोस आणि वर माझाच हात मागतोस?"

"…हो."

अनसूयाबाईनं पदर खोचला. त्याच्याकडं असं पाहिलं, की आता थोबाडीत बसते का काय.

कुणीच हललं नाही. गणपतरावांचा पाय दगडावर होता. सूर्य डोंगराच्या खांद्याला टेकायला आला होता. घमेल्यावर चुन्याची साय धरली होती.

अंकुशनं मागं वळून मठाच्या दाराकडं पाहिलं. बाबा उंबऱ्यावर येऊन बसले होते, हातात सूत.

"घे की नाव," अनसूयाबाई खेकसली. "का मुहूर्त पाहिजे?"

"पहिलं घर," अंकुश म्हणाला. "शेवंता. तिचा नवरा भिका. दोन लेकरं."

"तीन."

"दोन, काकू. एक मुलगी, एक मुलगा."

"तू मठात बसून काय बघितलंस? पोटुशी होती ती, जाताना. आत्तापावतो झालं असेल तिकडं, उसाच्या पाचटात."

"अजून न बघितलेल्या पोराचाही चिंचोका?" मधल्या आळीतून कुणीतरी म्हणालं.

"का? पाडव्याला ते काय वारा पिऊन राहणार आहे?"

आणि अनसूयाबाईनं सुपात हात घातला. टप्… टप्… टप्… टप्… टप्. पाच चिंचोके झोळीत पडले. टाकताना ती अशी करवादली, जणू कुणी तिच्या कानातले काढून घेत होतं.

अंकुशनं दुसरं घर घेतलं. मग तिसरं. मधल्या आळीचा एक कुंभार पुढं आला. त्याची मडकी वस्तीतली एक बाई डोक्यावरून बाजारात नेत असे. त्यानं तिच्या घराचे टाकले. मग वरच्या आळीची एक म्हातारी आली. तिनं नुसतं नाव ऐकलं आणि चिंचोके टाकले. काही नावांना कुणीच पुढं येत नव्हतं. मग अंकुश तेच नाव पुन्हा घेई. तिसऱ्यांदा घेई. लोक एकमेकांकडं बघत. असा माणूस नाही, असं मात्र कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. शेवटी कुणीतरी चडफडत हात घालीच.

घरं संपत आली. बाभळीची कड आली.

"शेवटचं घर…" अंकुश म्हणाला.

त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"घे ना," गणपतराव म्हणाले. "थांबलास का? राधाबाईचं घर आलं म्हणून?"

कुणी हसलं नाही.

अंकुशनं करदोड्याची किल्ली सोडली आणि झोळीशेजारी, काठावर ठेवली.

"राधाबाई. थोरला लेक. सून. तीन तोंडं."

कुणी पुढं आलं नाही. अंकुशनं दुसऱ्यांदा नाव घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायची त्याची छाती झाली नाही. आपल्याच आईसाठी तो भर गावात हात पसरून उभा होता, आणि गाव त्याच्याकडं बघत होतं.

दगडावरचा पाय उचलला गेला.

गणपतराव सुपाशी आले. मोजून तीन चिंचोके घेतले आणि झोळीत टाकले नाहीत, फेकले.

"माझ्या आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलंय," ते म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "म्हणून. पण वरच्या आळीचा एक अंशही मी राजीखुशीनं देत नाही. हे ध्यानात ठेव."

"ठेवतो," अंकुश म्हणाला.

चिंचोके मोजले. वस्तीचे वीस होते, त्यांचे एकशे चाळीस झाले. गावचे चारशे ऐंशी होते, त्यांचे सहाशे.

अंकुश कुंडीच्या मध्यात उतरला. पाणी गुडघ्याला लागलं. त्यानं कोनमापक धरला, दोरी ताणली. प्रत्येक कोन त्यानं दोनदा धरला.

"वरची आळी. दोनशे भागिले सहाशे, गुणिले तीनशे साठ. एकशे वीस."

"दीडशे होते," कुणीतरी म्हणालं.

"एकशे वीस," अंकुश म्हणाला. "मधली आळी, शहाण्णव. खालची आळी, साठ. माळवस्ती, चौऱ्याऐंशी."

मघाशी त्याच्या हिशेबात वस्तीची फट एवढी होती, की तिच्यात फार तर एक घागर मावली असती. आता तिथं माणूस दोन्ही हात पसरून वाकू शकत होता.

घमेल्यात पाणी ओतून चुना पुन्हा कालवला. दगड उभे राहिले. शेवटचा दगड गणपतरावांनी स्वतः बसवला. वाकडा नाही बसवला, सुताला सूत लावून बसवला. मग हात झटकून ते कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांच्यामागून वरची आळी गेली. अनसूयाबाई जाताना म्हणाली, "माझी गाय आटली, तर दूध मागायला तुझ्याकडं येईन हो, मास्तर." ती चेष्टा होती का धमकी, हे अंकुशला कळलं नाही.

कुणी शाबास म्हणालं नाही.

अंगण रिकामं झालं. चारी चरांतून पाणी उतरू लागलं. वस्तीच्या चरात पहिल्यांदा पाचोळा तरंगला. मग तो वाहून गेला, आणि पाणी माळाकडं वळलं, बंद दारांकडं.

अंकुश ओल्या पायांनी उंबऱ्याशी आला. किल्ली पुन्हा करदोड्याला बांधलेली होती. आता ती वाजली तरी त्यानं दाबली नाही.

बाबा तसेच बसून होते, कान पाण्याकडं लावून.

"बाबा…"

"हं."

"आता बरोबर झालं ना?"

बाबांनी त्याचा हात चाचपून धरला. तळवा उघडला. सुताचं गुंडाळं त्यात ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"बेरीज किती आली?"

"तीनशे साठ."

"मघाशीही तेवढीच होती," बाबा म्हणाले.